स्लॅबखालचा नाला पुन्हा वाहता करताना : नागपूरसाठी क्रमवार मार्गदर्शन

नागपूरची जमीन पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरत जाते. अंबाझरी तलावाच्या सांडव्यापासून शहरात शिरणारी नाग नदी आणि गोरेवाड्याकडून येणारी पिवळी नदी पूर्वेला एकत्र येऊन कन्हानला मिळतात आणि पुढे ते पाणी वैनगंगेत जाते, एवढे बहुतेक नागपूरकरांना ठाऊक असते. परंतु या दोन नद्यांना मिळणारे लहान नाले मात्र ले-आउटच्या रस्त्यांखाली, मंगल कार्यालयांच्या वाहनतळांखाली आणि बाजारांच्या ओट्यांखाली इतके बेमालूम दडले आहेत की, त्यांची आठवण जोरदार पाऊस झाल्यावरच होते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी ओसंडून वाहिली आणि काठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा पाण्याने आपल्या जुन्या वाटा सगळ्यांना दाखवून दिल्या.

असा एखादा बुजवलेला नाला उघडून त्याच्या काठी झाडे, पक्षी, बेडूक आणि चतुर यांना पुन्हा जागा करून द्यायची असेल, तर काम कोणत्या क्रमाने करावे, हे या लेखात मांडले आहे. हे मार्गदर्शन ३०० ते ५०० मीटर लांबीच्या, सार्वजनिक जागेतून जाणाऱ्या उपनाल्यासाठी आहे. मुख्य नदीसाठी नाही. माझे ठाम मत असे आहे की, स्लॅब फोडणे ही या कामातली बरीच उशिराची पायरी आहे. सांडपाणी वळवण्याआधी आणि पुराला जागा ठरवण्याआधी झाकण काढले, तर वस्तीला मिळते ती उघडी गटार, आणि मग तेच रहिवासी नाला पुन्हा झाकून द्या अशी मागणी घेऊन महापालिकेत जातात. त्यात त्यांचे काहीही चुकत नाही.

नकाशावर नाला शोधणे

पहिले काम कागदांचे आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणातील जुन्या नकाशांवर निळ्या रेषांनी दाखवलेले ओहोळ पाहावेत, आणि नगर भूमापन कार्यालयातील नकाशांशी ते ताडून घ्यावेत. विदर्भात आपल्याला आणखी एक साधन उपलब्ध आहे. शहराने गिळलेल्या जुन्या मौजांचे गाव नकाशे, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांत पाण्याची वाट, गुरांचे पाणवठे आणि लोकांचे वहिवाटीचे हक्क नोंदलेले सापडू शकतात. जागा नझूलची (शहरातील शासकीय मालकीची) आहे, महापालिकेची आहे, नागपूर सुधार प्रन्यासाच्या ले-आउटमधील खुली जागा आहे की खाजगी आहे, हे याच टप्प्यावर लेखी स्पष्ट झाले पाहिजे. कागद मिळत नसल्यास माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करावा आणि त्यात नाल्याचे नाव, मौजा व खसरा क्रमांक नेमके लिहावेत, कारण मोघम अर्जाला मोघम उत्तर येते.

उंचसखलपणासाठी ‘भुवन’ या इस्रोच्या संकेतस्थळावरील उंचीची माहिती प्राथमिक अंदाजापुरती पुरते. त्यावरून पाणलोटाची हद्द काढता येते. मात्र प्रत्यक्ष आराखड्यासाठी टोटल स्टेशन या भूमापन यंत्राने मोजणी करून घेणे अटळ आहे. वस्तीतील वयस्कर माणसांना विचारायला विसरू नये. विहीर कुठे होती, धोबीघाट कुठे होता, कोणत्या घराची भिंत दर पावसाळ्यात ओल धरते, या उत्तरांमधून नाल्याची जुनी वळणे बऱ्याचदा नकाशापेक्षा अचूक कळतात.

एक अख्खा पावसाळा निरीक्षणाचा

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत काहीही न खोदता केवळ पाहावे. जोरदार सरीनंतर पाणी कुठे साचते, किती वेळाने ओसरते आणि भिंतींवर किती उंचीची खूण राहते, याची दिनांकासह नोंद आणि छायाचित्रे ठेवावीत. पावसाळा संपल्यावरचे निरीक्षणही तितकेच महत्त्वाचे आहे. शहराच्या पश्चिम भागातील बेसॉल्टच्या भेगांत मुरलेले पाणी पावसानंतर काही आठवडे, कधी काही महिने ओहोळाला पुरत राहते आणि मग झरा आटतो. म्हणून मे महिन्यात, पाऊस नसताना, नाल्यात जे भरघोस वाहते ते जवळजवळ सर्वच सांडपाणी असते.

किती वाहते, हे मोजणे अवघड नाही. नाला जिथे उघडा आहे अशा टोकाला १० मीटरचे सरळ अंतर आखावे आणि वरच्या खुणेपाशी एक संत्रे पाण्यात सोडावे. संत्रे बहुतांश बुडून तरंगते, त्यामुळे वाऱ्याने भरकटत नाही. नागपुरात त्याचा तुटवडाही नाही. खालच्या खुणेपर्यंत पोचायला लागलेले सेकंद मोजावेत, असे तीनदा करून सरासरी काढावी, अंतराला सेकंदांनी भागून वेग काढावा आणि पृष्ठभागाचा वेग सरासरी वेगापेक्षा जास्त असल्याने त्याला ०.८५ ने गुणावे. समजा, प्रवाह १ मीटर रुंद, १० सेंटिमीटर खोल आहे आणि संत्रे सेकंदाला ०.३ मीटर जाते. तर प्रवाह सेकंदाला सुमारे २५ लिटर, म्हणजे दिवसाला जवळपास २२ लाख लिटर होतो. माणशी १३५ लिटर पाणीपुरवठा आणि त्यातील ८० टक्के सांडपाणी असा सर्वसाधारण हिशेब धरला, तर हे सुमारे २० हजार लोकांचे सांडपाणी झाले. ‘आमच्या नाल्याला बारमाही पाणी आहे’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकासमोर हा हिशेब मांडावा. मोजणी सकाळी सहापासून तासातासाने घेतली, तर आठच्या सुमारास प्रवाह चढतो आणि दुपारी उतरतो असे दिसेल. झऱ्याचे पाणी घरांतील आंघोळीच्या वेळा पाळत नाही.

सांडपाणी वळवणे

खरा वेळ, पैसा आणि चिकाटी याच पायरीला लागते. नाल्यात सांडपाणी तीन वाटांनी येते: जिथे गडरलाइन (मलवाहिनी) नाहीच अशा वस्त्यांतून थेट, गडरलाइन आहे पण तुंबली किंवा फुटली म्हणून चेंबर ओसंडून, आणि एखाद्या घराची वा हॉटेलची जोडणी चुकून, कधी जाणूनबुजून, पावसाळी नालीला दिल्यामुळे. तिन्हींवरचे उपाय वेगळे असल्याने आधी निदान झाले पाहिजे.

निदानासाठी नाल्याला मिळणाऱ्या प्रत्येक तोंडाला क्रमांक द्यावा. सलग तीन कोरडे दिवस गेल्यानंतरही जे तोंड वाहते, ते संशयित धरावे. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या चाचणी संचाने अमोनिया तपासावा. तो लिटरला १ मिलिग्रॅमच्या वर असेल तर सांडपाणी मिसळत असण्याची शक्यता दाट आहे. डोळ्यांनाही पुष्कळ दिसते. तोंडाखालच्या दगडावर करड्या रंगाची, पाण्याबरोबर हलणारी बुळबुळीत लव असेल, गाळात लाल बारीक अळ्या वळवळत असतील आणि काडीने गाळ ढवळताच बुडबुडे उठून सडक्या अंड्यांचा वास येत असेल, तर तिथे मलजल दीर्घकाळ येत आहे असे समजावे. याउलट नारिंगी, गंजासारखा थर हा पुष्कळदा लोहयुक्त भूजल पाझरत असल्याचे चिन्ह असतो. अशी जागा जपून ठेवावी, कारण पुढे नाल्याला थोडेफार स्वच्छ पाणी देणारा झरा तोच असू शकतो. कोणत्या घराची जोडणी कुठे जाते हे ठरवण्यासाठी शौचालयात निरुपद्रवी रंग सोडून तो कोणत्या तोंडातून बाहेर पडतो ते पाहतात. ही तपासणी महापालिकेच्या अभियंत्यासमवेत आणि घरमालकाला सांगूनच करावी.

इथे एक गोष्ट अतिशय गांभीर्याने लिहितो. बंद नाल्यात, चेंबरमध्ये किंवा स्लॅबखाली कोणत्याही माणसाला उतरवू नये; पाच मिनिटांसाठी नाही आणि ‘त्याला सवय आहे’ म्हणून तर मुळीच नाही. तिथे साठलेला हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असेल, तर नाकाला वास येणेच बंद होते आणि माणूस काही क्षणांत कोसळतो. त्याला वाचवायला उतरणारा दुसराही वर येत नाही. संरक्षक साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आतील पाहणी चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या कॅमेऱ्याने होते आणि मलवाहिन्यांची सफाई करणाऱ्या कंत्राटदारांकडे अशी यंत्रे असतात.

चुकीच्या जोडण्या एकेक करून बदलाव्या लागतात. त्याला आडवाट नाही. थेट येणारे सांडपाणी मात्र नाल्याच्या कडेने समांतर मलवाहिनी टाकून भांडेवाडीच्या मलशुद्धीकरण केंद्राच्या दिशेने जाणाऱ्या मुख्य वाहिनीला जोडावे लागते, आणि ती वाहिनी काठाच्या बाहेरून नेण्याचा आग्रह धरावा. नाल्याच्या तळातच चेंबर बांधले, तर प्रत्येक पुरात त्यांची झाकणे उखडतात आणि केलेले सगळे काम पुन्हा घाण होते. पुरेसा उतार आणि जागा असल्यास काही भागाचे सांडपाणी स्थानिक पातळीवर शुद्ध करून नाल्यात सोडता येते, परंतु ते केंद्र कोण चालवणार, वीजबिल कोण भरणार आणि पाण्याची तपासणी कोण करणार, हे लेखी ठरल्याशिवाय त्या भरवशावर आराखडा करू नये.

सांडपाणी वळवल्यावर नाला उन्हाळ्यात कोरडा पडेल, हे लोकांना आधीच सांगून ठेवावे. विदर्भातील लहान ओहोळ मुळातच हंगामी असतात आणि इथली झाडे, बेडूक व कीटक त्या चक्राला सरावलेले असतात. सोल शहरातील च्योंग्येच्योन हा प्रवाह २००५ मध्ये उघडला गेला, तेव्हा त्यात वर्षभर पाणी राखण्यासाठी प्रामुख्याने हान नदीतून पंपांनी पाणी आणावे लागले. ती व्यवस्था आपल्या उपनाल्याला परवडणारी नाही आणि तिची गरजही नाही.

पुराला किती जागा लागते

आराखडा जलअभियंत्याकडूनच करून घ्यावा. परंतु त्यामागचा हिशेब हे काम हाती घेणाऱ्या समितीतील प्रत्येकाला समजला पाहिजे, कारण जागेवरून वाद होतो तेव्हा हाच हिशेब उपयोगी पडतो. पाणलोट ८० हेक्टर, म्हणजे ०.८ चौरस किलोमीटर आहे, पावसाची तीव्रता तासाला ६० मिलिमीटर धरली आहे आणि सिमेंटच्या रस्त्यांमुळे ७० टक्के पाणी वाहून जाते, असे समजू. ०.२७८ × ०.७ × ६० × ०.८ या गुणाकारातून (०.२७८ हा केवळ एकके जुळवणारा गुणक आहे) सेकंदाला सुमारे ९.३ घनमीटर असा पूर मिळतो. १.२ मीटर व्यासाच्या सिमेंट पाइपातून पाणी सेकंदाला अडीच मीटर वेगाने गेले, तरी २.८ घनमीटरच जाते. उरलेले पाणी रस्त्यावर आणि घरांत येते.

आता उघड्या नाल्याचा छेद पाहू. मधोमध १ मीटर रुंद व ४० सेंटिमीटर खोल अशी कमी पाण्याची चर, तिच्या दोन्ही बाजूंना २-२ मीटरचे सपाट पट्टे आणि त्यापुढे १ मीटर उंचीपर्यंत १:२ उताराचे, म्हणजे १ मीटर उंचीला २ मीटर आडवे जाणारे, काठ ठेवले, तर वरची रुंदी ९ मीटर होते आणि पाण्याला ७.४ चौरस मीटर जागा मिळते. किलोमीटरला ७ मीटर ढाळ असेल, तर गवताळ काठांतूनही पाणी सेकंदाला सुमारे दीड मीटर वेगाने जाते आणि ११ घनमीटर वाहून नेते. वर ३० सेंटिमीटर मोकळी उंची आणि एका बाजूला ३ मीटरची देखभालीची वाट धरली, तर साधारण १३ ते १४ मीटरचा पट्टा लागतो. पूर्वेकडच्या सपाट भागात वेग कमी पडतो, म्हणून रुंदी वाढवावी लागते. काळ्या मातीत १:२ उतार टिकत नाही. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि घसरते, तेव्हा तिथे १:३ उतार धरावा.

एवढी जागा सलग मिळत नसेल, तर मिळेल तिथे रुंद आणि नाइलाज असेल तिथे अरुंद असा छेद ठेवावा. मात्र अरुंद भागाची वहनक्षमता वेगळी तपासावी. जलसंपदा विभागाच्या निळ्या व लाल पूररेषा जिथे आखलेल्या आहेत तिथे त्या पाहाव्यात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. पट्ट्यात लोक राहत असतील, तर त्यांच्या पुनर्वसनाचा निर्णय आधी होऊन तो प्रत्यक्ष अमलात आला पाहिजे. गरिबाचे घर हटवून बेडकासाठी जागा करणे हे काम मला मान्य नाही, आणि अशा पायावर उभ्या राहिलेल्या प्रकल्पाची राखण वस्ती करतही नाही.

स्लॅब काढणे

डिसेंबर ते मार्च हा या कामाचा काळ आहे. सुरुवात नाल्याच्या खालच्या टोकापासून करून वर जावे, म्हणजे मोकळ्या झालेल्या भागातून पाणी निघून जाते. आधी वीज, पाणी, गॅस आणि दूरध्वनीच्या वाहिन्यांच्या खुणा संबंधित विभागांकडून करून घ्याव्यात. स्लॅबखाली साठलेला काळा गाळ काठावर पसरून त्यावर झाडे लावण्याचा मोह होतो. तसे करू नये. त्याचे नमुने प्रयोगशाळेत देऊन शिसे, क्रोमियम, कॅडमियम यांची तपासणी करावी आणि अहवालानुसार, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूचनेप्रमाणे विल्हेवाट लावावी. मलबा अधिकृत ठिकाणीच जावा. लगतच्या इमारतींच्या पायाची तपासणी केल्याशिवाय त्यांना टेकलेली जुनी भिंत हलवू नये.

तळ आणि काठ घडवणे

तळाला काँक्रीट नको. मुरूम, गोटे आणि वाळू यांचा मिश्र थर द्यावा आणि मधली चर हलकी नागमोडी ठेवावी. नैसर्गिक ओहोळात काठोकाठ भरलेल्या पात्राच्या रुंदीच्या पाच ते सातपट अंतरावर डोह आढळतात. तोच अंदाज धरून बाहेरच्या वळणांवर डोह खोदावेत आणि दोन डोहांमध्ये गोट्यांचा उथळ खळाळ ठेवावा. काही डोह मीटरभर खोल आणि सावलीत असावेत, कारण नोव्हेंबरनंतर जीवसृष्टी त्यांच्याच आश्रयाने राहते. पाण्याचा मारा बसणाऱ्या वळणावर मोठ्या दगडांची पिचिंग करावी, म्हणजे दगड घट्ट रचून बसवावेत, दगडांच्या फटींत माती भरून त्यात वाळा लावावा. पुलाजवळ आणि इमारतींलगत भिंत लागतेच. इतरत्र ती टाळावी. सिंगापूरच्या बिशान उद्यानात काँक्रीटचा कालवा काढून २०१२ मध्ये नैसर्गिक काठांची नदी खुली करण्यात आली, आणि तिथेही आधी काठ बांधण्याच्या निरनिराळ्या पद्धती छोट्या तुकड्यावर करून पाहिल्या होत्या. आपणही पहिल्या वर्षी ५० मीटरच करावे.

लागवड

लागवड पहिल्या दोन चांगल्या पावसांनंतर करावी. पाण्यालगत वाळा, लव्हाळा आणि कास. सपाट पट्ट्यावर निर्गुडी आणि वाळुंज. काठाच्या माथ्यावर करंज, जांभूळ, उंबर, ताम्हण आणि अर्जुन, ज्याला आपल्याकडे कहू म्हणतात. पाणकणीस फार वेगाने पसरते, म्हणून ते मुद्दाम लावू नये. ते आपोआप येते.

वाळ्याचे ठोंब दोन-तीन फुटव्यांचे घ्यावेत, पाने २० सेंटिमीटरवर आणि मुळे १० सेंटिमीटरवर छाटावीत, आणि उताराला आडव्या ओळीत १० ते १५ सेंटिमीटर अंतराने लावावेत. अंतर वाढवून रोपे वाचवली, तर फटींतून पाणी वाट काढते आणि ओळीचा उपयोग राहत नाही. निर्गुडीच्या अंगठ्याएवढ्या जाड, ६० ते ९० सेंटिमीटर लांब काड्या घ्याव्यात, खालचे टोक तिरपे कापावे, लोखंडी पहारेने आधी भोक पाडून काडीचा दोन-तृतीयांश भाग जमिनीत जाईल अशी ती बसवावी आणि भोवतालची माती पायाने घट्ट दाबावी. आत पोकळी राहिली, तर मूळ धरत नाही. काडी उलटी लागणार नाही, याकडे लक्ष असू द्यावे: डोळे वरच्या बाजूला हवेत. उघड्या उतारावर काथ्याची जाळी अंथरली, तर मुळे धरेपर्यंत माती टिकते.

बेशरम, जलपर्णी, सुबाभूळ आणि घाणेरी दिसताच मुळासकट काढावीत. लॉन लावू नये. त्याला उन्हाळाभर पाणी लागते आणि त्यावर फुलपाखरालाही फारसे काही मिळत नाही.

डास, कचरा आणि पुढची वर्षे

डासांची भीती रास्त आहे आणि तिचे उत्तर आराखड्यातच द्यावे लागते. घरांभोवती चावणारा क्युलेक्स डास घाण, साचलेल्या पाण्यात वाढतो; सांडपाणी थांबले की त्याची मोठी जागा जाते. डोहांत चतुर व टाचण्या (चतुरांचे बारीक अंगाचे भाऊबंद) यांची पिल्ले आणि स्थानिक लहान मासे अळ्या खातात. गप्पी आणि गंबुशिया हे परदेशी मासे सोडू नयेत. ते बेडकांची अंडी आणि स्थानिक माशांची पिल्लेही खातात. आटत चाललेल्या उथळ डबक्यांची पाहणी ऑक्टोबरपासून दर आठवड्याला करावी.

कचऱ्यासाठी वरच्या टोकाला तिरपी जाळी बसवावी, आणि ती प्रत्येक जोरदार पावसानंतर साफ करण्याची जबाबदारी नावानिशी ठरवावी. तुंबलेली जाळी स्वतःच पूर आणते. मे महिन्यात पोकलेनने सरसकट खरवडून गाळ काढण्याची रीत इथे चालवली, तर काठ आणि डोह एका दिवसात नाहीसे होतात. म्हणून कोणत्या डोहातून किती गाळ काढायचा आणि यंत्र कोणत्या बाजूने आणायचे, याचा नकाशा कार्यादेशाला जोडावा, आणि खोदाईच्या दिवशी समितीतील दोघांनी जागेवर हजर राहावे.

महापालिकेच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला कळवून नोंदी लोक जैवविविधता नोंदवहीत घालाव्यात. दर तीन महिन्यांनी विरघळलेला प्राणवायू, जैविक प्राणवायू मागणी (पाण्यातील घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) आणि मलजन्य जिवाणू तपासावेत. आंघोळीयोग्य पाण्यासाठी प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम आणि जैविक प्राणवायू मागणी ३ मिलिग्रॅमपर्यंत, असे मानक आहे. पक्ष्यांच्या नोंदी करताना सावध राहावे. लांब गुलाबी पायांचे शेकाटे थव्याने दिसले म्हणजे नाला सुधारला, असे नाही. सांडपाण्याच्या गाळातील अळ्यांवरही ते मजेत जगतात. पाण्यात सूर मारणारा कवड्या खंड्या दिसला, तर तिथे मासे आहेत. आणि टाचण्यांच्या जातींची संख्या वर्षागणिक वाढत असेल, तर तो अधिक भरवशाचा पुरावा आहे. दोन पावसाळ्यांनंतर काठ टिकले असतील आणि कोरड्या दिवसांत एकाही तोंडातून पाणी येत नसेल, तेव्हाच वरच्या पुढील ५० मीटरचा स्लॅब काढण्याचा प्रस्ताव द्यावा.